परक्या मापाची विजार

चवथ जवळ आली, की पणजीच्या १८ जून रस्त्यापासून म्हापशाच्या बाजारपेठेपर्यंत कापडदुकानांत उभे राहायला जागा उरत नाही. एके काळी या गर्दीत ताग्यावरचे कापड मोजून घेणारे हात अधिक दिसत. आता तयार कपड्यांच्या मांडण्यांसमोर तरुण मुली अधिक दिसतात. त्यांतल्या पुष्कळजणी जीन्सच्या चार-सहा विजारी हातावर टाकून आरशाच्या खोलीत शिरतात, आणि अर्ध्या तासाने त्या सगळ्याच्या सगळ्या विक्रेत्याच्या पुढ्यात ठेवून बाहेर पडतात. एक कमरेला बसली तर मांडीत अडकली. दुसरी मांडीत बसली तर कमरेला मागे एवढी उघडी पडली, की खाली वाकण्याची सोय नाही. तिसरी दोन्हीकडे ठीक, पण पायांखाली चार बोटे कापड लोळते आहे. विक्रेता बहुधा सौजन्यानेच सांगतो, 'ताई, तुमची हाइट कमी पडते.' हे वाक्य इतक्यांदा उच्चारले जाते, की त्यातला उद्धटपणा आता कुणाच्या कानाला टोचतही नाही. विजार लांब आहे, असे तो म्हणत नाही; बाई आखूड आहे, असे म्हणतो.

अग्रलेखाच्या जागी विजारीच्या मापाची चर्चा पाहून आमच्या काही वाचकांच्या भुवया वर चढतील, याची आम्हांस कल्पना आहे. म्हादईचे पाणी आणि खाणींचा प्रश्न समोर असताना संपादकांना जीन्स सुचावी, असाही टोमणा कुणी मारील. दुसरा एक वर्ग म्हणेल, की मुळात आमच्या मुलींनी हा पोशाख घालावाच कशाला? या दुसऱ्या वर्गाशी आम्ही आज वाद घालणार नाही. मुली जीन्स घालतात, त्या घालून दुचाकीवरून कामावर जातात, रुग्णालयात, हॉटेलात, महाविद्यालयात, बँकेत वावरतात, ही वस्तुस्थिती आहे. आणि स्वतः मिळवलेल्या पैशाने विकत घेतलेली वस्तू अंगाला नीट बसावी, ही अपेक्षा पोशाख देशी असो वा विदेशी, न्याय्यच आहे. शिवाय या साध्या प्रश्नाचे सूत धरून मागे मागे गेले, म्हणजे जे हाती लागते ते केवळ फॅशनच्या पानात ढकलून देण्याजोगे नाही.

प्रथम आकडे पाहू. पाश्चात्त्य तयार कपड्यांच्या व्यापारात पाच फूट चार इंच, म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटर, आणि त्याखालील उंचीच्या स्त्रीला 'पेटीट' म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच. अर्थ एवढाच, की लहान. आपल्या भाषेत 'लहान चणीची' हा शब्द त्याहून अधिक बोलका आहे, कारण चण म्हणजे केवळ उंची नव्हे, सबंध देहाची ठेवण. आता भारतीय स्त्रीची सरासरी उंची किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांतून ती सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट आढळते. याचा अर्थ असा, की ज्याला परका व्यापारी खास व अपवादात्मक माप समजतो, ते आपल्या घराघरांतले नित्याचे माप आहे. आमच्या आया, बहिणी, सुना आणि लेकी यांतल्या बहुतेकजणी त्या व्याख्येनुसार 'पेटीट' ठरतात. गमतीची गोष्ट म्हणजे खुद्द अमेरिकेतील स्त्रीची सरासरी उंचीही पाच फूट साडेतीन इंचांच्या आसपासच आहे. तेव्हा तिथेही निम्म्या स्त्रिया या 'खास' वर्गातच मोडतात. डच स्त्रिया तेवढ्या सरासरीने १७० सेंटिमीटरच्या जवळ जातात. पण सारे जग काही हॉलंडात राहत नाही.

मग बहुसंख्य स्त्रियांना अपवाद ठरवणारे हे माप आले कुठून? याचे उत्तर शोधण्यापूर्वी, आमच्याकडे हा प्रश्न पूर्वी का पडला नाही, ते पाहिले पाहिजे. साडीला माप नसते. तेच नऊवार लुगडे पाच फुटांची सासू नेसते आणि साडेपाच फुटांची सूनही नेसते. उरलेले कापड निऱ्यांत आणि ओच्यात जिरते, काठ घोट्याशी नेमका येतो, आणि कासोटा घातला म्हणजे दोन्ही पाय मोकळे. आमच्या कुणबी भगिनी तर शेतात उतरताना कापड गुडघ्यापर्यंतच नेसत आणि खांद्यावर देठलीची गाठ मारीत. चिखलात चालताना कुणालाही शिंप्याकडे जावे लागत नसे. म्हणजे कपडा अंगाला बसवण्याची कला नेसणारीच्या हातात होती. पुढे पोलके, झगा, पंजाबी ड्रेस आले, तेव्हा ती कला शिंप्याच्या फितीवर गेली. पण शिंपीही गावातलाच, आणि माप त्याच बाईचे. तयार जीन्सबरोबर हे माप प्रथमच गावाबाहेर, समुद्रापलीकडे गेले, आणि ज्या देहावर ती विजार चढायची त्या देहाला न पाहता ठरू लागले.

खुद्द जीन्सचा जन्म मात्र याच्या अगदी उलट रीतीने झाला. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात रीनो या गावी जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. १८७१ च्या सुमारास एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. तिच्या नवऱ्याचा देह एवढा स्थूल, की दुकानातली तयार विजार त्याला होत नसे. म्हणून त्याच्या मापाने, आणि लवकर फाटणार नाही अशी विजार तिला शिवून हवी होती. डेव्हिसने जाड कापड घेतले आणि खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या खिळी ठोकल्या, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे २० मे १८७३ रोजी डेव्हिस आणि कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना त्या खिळींचे पेटंट मिळाले आणि एका मोठ्या धंद्याचा पाया घातला गेला. तयार कपडा ज्याला बसत नव्हता अशा एका माणसासाठी हा पोशाख प्रथम मापाने शिवला गेला, हे आज तयार जीन्सच्या ढिगासमोर हताश उभ्या राहणाऱ्या मुलीने अवश्य लक्षात ठेवावे.

या पोशाखाशी आपलाही जुना संबंध आहे, तो ओघात सांगून टाकतो. 'जीन' हे नाव इटलीतल्या जेनोवा बंदरावरून पडले. परंतु त्याच जातीच्या विजारीला इंग्रजीत जो 'डंगरी' हा शब्द आहे, तो आमच्या मुंबईच्या डोंगरीचा. डोंगरीत विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत येते. जीन्सचा तो निळा रंगही प्रथम निळीचा. जर्मन कारखान्यांनी १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणीपर्यंत तो झाडपाल्यातूनच निघे, आणि पोर्तुगीज ज्याला 'आनिल' म्हणतात तो शब्द अरबीमार्गे आपल्या 'नीली'पासूनच गेलेला. कापड आणि रंग यांची ओळख आमच्याकडून गेली. माप तेवढे आले तिकडून.

आता त्या मापाची कथा. स्त्रियांसाठी म्हणून खास शिवलेली जीन्स अमेरिकेत १९३४ साली निघाली. त्या काळी प्रत्येक कारखानदार आपल्या अंदाजाने मापे ठरवी आणि टपालाने मागवलेले कपडे न बसल्यामुळे परत येत. यावर तोड म्हणून अमेरिकेच्या कृषिखात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मोजणी करविली. एकेका स्त्रीची वजनासकट ५९ मापे घेतली गेली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी तयार केलेला हा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. काम मोठ्या कष्टाचे होते, यात शंका नाही. पण त्यात एक खोट होती. मोजणीसाठी पुढे आलेल्या सर्व स्त्रियांपैकी केवळ गोऱ्या स्त्रियांचीच मापे हिशेबात धरण्यात आली. याच सामग्रीच्या पायावर १९५८ साली तिथल्या सरकारने स्त्रियांच्या कपड्यांच्या मापांचे प्रमाणपत्रक काढले. १९७० नंतर ते सुधारले, आणि १९८३ साली रद्दही केले. रद्द झाल्यावर जो तो पुन्हा मोकळा. गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असे वाटावे म्हणून कंपन्या आकडे खाली आणि कापड वाढवत गेल्या. १९५८ च्या पत्रकात ८ क्रमांकाच्या कपड्याची कंबर साडेतेवीस इंच होती. आज त्याच ८ क्रमांकाची कंबर त्याहून कितीतरी इंचांनी मोठी भरते. म्हणजे आकडा कायम, आणि अर्थ बदललेला. अशा आकड्यांवर विसंबून आमच्या मुली जीन्स खरेदी करतात आणि अंगाला बसली नाही, की दोष स्वतःच्या अंगाला देतात.

लहान चणीच्या स्त्रीचा प्रश्न केवळ लांबीचा नाही, हे या धंद्यातल्या जाणत्यांना फार पूर्वी कळले होते. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमधील हॅना ट्रॉय या वस्त्रनिर्मातीने, पुष्कळ स्त्रियांचे धड तयार कपड्यांच्या मानाने आखूड असते, हे हेरून वेगळी मापे काढली. 'पेटीट' वर्गाचे श्रेय बहुधा तिलाच दिले जाते. आमच्याकडे मात्र अजूनही 'खालून कापून घ्या, झाले' यापलीकडे विचार जात नाही. म्हणून विजारीची रचना थोडी उलगडून सांगणे आवश्यक वाटते.

विजारीत लांबी दोन ठिकाणी असते. एक मांडीच्या आतल्या शिवणीची, जांघेपासून घोट्यापर्यंत. पाच फुटांच्या स्त्रीला घोट्यावर टेकणाऱ्या जीन्ससाठी ही लांबी साधारण २६ ते २७ इंच पुरते. दुकानात मिळणारी पुष्कळदा ३० ते ३२ इंचांची असते. दुसरी लांबी म्हणजे आमचे शिंपी ज्याला 'आसन' म्हणतात ती, कमरेच्या पट्ट्यापासून दोन्ही पाय मिळतात त्या शिवणीपर्यंतची. उंच स्त्रीसाठी बेतलेले आसन लहान चणीच्या स्त्रीला मोठे होते. मग पट्टा बेंबीच्या वर चढतो, किंवा तो खाली ओढला तर जांघेशी कापडाची पिशवी लोंबते आणि बसताना पोटाशी घड्या पडतात. पाय कितीही कापले तरी हे दुखणे जात नाही, कारण ते पायांत नाहीच.

तिसरी गोष्ट गुडघ्याची. जीन्सचे पाय नळीसारखे सरळ नसतात. मांडीपासून गुडघ्यापर्यंत ते निमुळते होत जातात आणि गुडघ्यापासून खाली, ज्या घाटाची विजार असेल त्याप्रमाणे, सरळ राहतात, अधिक अरुंद होतात किंवा घंटेसारखे फाकतात. हा गुडघ्याचा बिंदू साडेपाच फुटांहून उंच अशा नमुन्याच्या देहावर ठरवलेला असतो. पाच फुटांच्या मुलीच्या अंगावर तो नडगीवर येतो. त्यामुळे जिथे कापड आवळायला हवे तिथे ते ढिले पडते, आणि जिथे सैल हवे तिथे पोटरीला आवळते. शेवटी शिंपी खालून चार इंच कापतो, तेव्हा अरुंद मोहरी कापली जाऊन रुंद भाग शिल्लक राहतो. फाकलेल्या घाटाच्या विजारीत तर ज्यासाठी पैसे मोजले तो फाकच केराच्या टोपलीत जातो. मागच्या खिशांचेही तसेच. मोठ्या विजारीचे खिसे लहान देहावर बसवले, की ते मांडीपर्यंत उतरतात आणि बाई आहे त्याहून ठेंगणी दिसते. थोडक्यात, लहान चणीची विजार म्हणजे मोठ्या विजारीचे पाय कापलेली विजार नव्हे. तिचे आसन आखूड, गुडघा वर, खिसे लहान, आणि हे सारे कापड कात्रीखाली जाण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

कंबर आणि नितंब यांच्या मापांतील अंतर हा आणखी एक झगडा. आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांची कंबर बारीक आणि नितंब त्या मानाने रुंद असतात. विजार नितंबांवर बसेल अशी घेतली, तर पाठीमागे पट्ट्यात मूठ जाईल एवढी फट राहते. कित्येकींना अशा वेळी मुलांच्या विभागात पाठवले जाते. पाच फुटांची, दोन लेकरांची आई चौदा वर्षांच्या मुलग्याची जीन्स घालून पाहते आहे, हे दृश्य हास्यास्पद आहेच. पण ते निरुपयोगीही आहे, कारण मुलग्याच्या विजारीत नितंबांसाठी कापडच सोडलेले नसते.

व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचे गणित सोपे आहे. एका रंगाची, एका घाटाची जीन्स कमरेच्या सहा मापांत ठेवली, की सहा नग. त्याच प्रत्येक मापात आखूड, मध्यम आणि लांब अशा तीन लांब्या ठेवायच्या म्हटले, की अठरा. चार रंग धरले तर बहात्तर. पणजीतल्या दुकानाचे भाडे आणि जागा पाहता तो सहांवरच थांबतो आणि सगळ्या लांबच ठेवतो, कारण लांब कापून लहान करता येते, आखुडाला ठिगळ लावता येत नाही. हा युक्तिवाद आम्हांला समजतो. मात्र एकच माप ठेवायचे तर ते ज्या गावात दुकान मांडले आहे तिथल्या गिऱ्हाइकाचे का नसावे, याचे उत्तर त्या गणितात नाही. उंच मुलगी आमच्याकडे अपवाद. तिच्यासाठी चार नग वेगळे मागवणे अवघड नव्हते. परदेशात पुरुषांच्या जीन्सवर कंबर आणि लांबी असे दोन आकडे पिढ्यान्पिढ्या छापले जात आहेत. स्त्रीच्या जीन्सवर बहुधा एकच क्रमांक, तोही कशाचा ते कुणाला नीट सांगता येत नाही. पुरुषाला दोन मापे असतात आणि स्त्रीला एकच, हा शोध कुणी लावला, ते त्या शोधकालाच ठाऊक!

मध्यंतरी या दुखण्यावर रसायनशास्त्राने मलमपट्टी केली. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या शास्त्रज्ञाने रबरासारखा ताणला जाणारा धागा शोधून काढला. सुताबरोबर त्याचा शेकडा एक-दोन भाग विणला, तरी जीन्स अंगासरशी ताणली जाते. कातडीसारख्या चिकटणाऱ्या विजारींची जी लाट आली, तिच्यामागे हा धागा होता. माप चुकले तरी कापड सावरून घेते, म्हणून कारखानदारही निश्चिंत झाले. पण ताणलेले कापड चार-सहा महिन्यांत गुडघ्यावर आणि बैठकीवर सैल पडते. आमच्या दमट हवेत ते घामाने अंगाला चिकटते. आणि सैल, जाड, सरळ घाटाच्या विजारींची चाल परत येताच मापातली झाकलेली चूक पुन्हा उघडी पडते.

या देशात याहून शहाणा एक प्रयत्न होऊन गेला आहे. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने १९९५ च्या सुमारास 'रफ अँड टफ' या नावाने जीन्सचा एक संच बाजारात आणला होता. त्यात तयार विजार नसे. जीन्सचे कापड, साखळी, बटण, खिळी आणि मागे लावायची पट्टी एवढे सामान एका पुडक्यात असे, किंमत दोनशे रुपयांच्या आत, आणि शिवायचे काम गावच्या शिंप्याचे. खेडोपाडीच्या शिंप्यांना जीन्स शिवण्याचे शिक्षण देण्यापर्यंत कंपनीची मजल गेली होती. कापड कारखान्याचे आणि माप गिऱ्हाइकाचे, ही जोडणी आम्हांला आजही अनुकरणीय वाटते. तो संच प्रामुख्याने पुरुषांसमोर ठेवला गेला. स्त्रियांसाठी त्याचा विचार झाला असता, तर लाखो मुलींचा आरशाच्या खोलीतला मनस्ताप वाचला असता. आता तर जीन्स शिवणारी गावे आपल्या शेजारीच आहेत. एकीकडे उल्हासनगर आणि दुसरीकडे बळ्ळारी या दोन्ही ठिकाणी जीन्स शिवण्याचा धंदा मोठा आहे. सत्तावीस इंचांची आतली लांबी आणि आखूड आसन घेऊन शिवायला तिथल्या कारागिरांना काहीच अडचण नाही. तशी मागणी नोंदवणारा व्यापारी हवा.

सरकारी पातळीवरही काही हालचाल झाली आहे, ती नोंदवतो. भारतीय देहांच्या मोजणीवरून आपले स्वतःचे मापपत्रक तयार करण्याची योजना केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी २०१८ साली जाहीर केली. 'इंडियासाइज' हे तिचे नाव. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची यंत्राने, अंगाला हात न लावता, मोजणी करायची, असा तिचा आराखडा होता. अमेरिकेने जे १९३९ साली केले, ते करण्याचा विचार स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी आम्हांला सुचला. ज्या रस्त्याचे नाव १८ जून १९४६ च्या लोहियांच्या सभेची आठवण वाहते, त्याच रस्त्यावरच्या दुकानांत आमच्या लेकी अजून परक्या मापाने मोजल्या जातात, हे पाहिले म्हणजे या विलंबाचा खेद अधिकच वाटतो. मोजणीचे आकडे मंत्रालयाच्या कपाटात राहून उपयोगाचे नाहीत. ते शिवणकाम शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, बळ्ळारीच्या कारखानदाराला आणि मडगावच्या शिंप्याला फुकट उपलब्ध झाले पाहिजेत. ती सहा शहरे निवडताना किनारपट्टीवरचे एकही लहान गाव घेतले गेले नाही, हेही आम्ही नमूद करून ठेवतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. वेष्टनबंद वस्तूंवरील वजनमापांच्या नियमांत २०२२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात मोकळ्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल या अक्षरांबरोबर माप सेंटिमीटरमध्येही देण्याची तरतूद आहे. अक्षरांच्या कोड्यातून गिऱ्हाइकाची सुटका करणारी ही तरतूद आम्हांला स्वागतार्ह वाटते. पण जीन्सच्या पट्टीवर केवळ कमरेचे सेंटिमीटर छापून भागत नाही. कंबर, आसन आणि आतली लांबी हे तीनही आकडे तिथे आले, तर निम्मी खटपट दुकानात शिरण्यापूर्वीच संपेल. राज्याच्या वजनमाप खात्याने आणि व्यापारी संघटनांनी या दिशेने एकत्र बसून काही ठरवावे, अशी आमची सूचना आहे.

तोपर्यंत आमच्या वाचक भगिनींनी काय करावे? आम्ही काही शिवणकामातले तज्ज्ञ नव्हे. पण जाणत्या शिंप्यांकडून ऐकलेल्या चार गोष्टी सांगणे गैर ठरू नये. घरात जी विजार अंगाला उत्तम बसते, ती पाटावर पसरून तिचे आसन, नितंबांची रुंदी आणि आतली लांबी फितीने मोजावी आणि ते आकडे लिहून जवळ बाळगावेत. दुकानात आसन आणि नितंब यांवरून विजार निवडावी. कंबर मागच्या शिवणीतून आत घेता येते, लांबी कापता येते. आसन कमी करायचे म्हणजे सबंध विजार उसवावी लागते, आणि तेवढी मजुरी देण्यात अर्थ नसतो. उंच बायकांसाठी 'घोट्यापर्यंत' किंवा 'घोट्याच्या वर' म्हणून शिवलेली आखूड जीन्स लहान चणीच्या स्त्रीला पुष्कळदा पूर्ण लांबीची होते, आणि तिचा घाटही कापावा लागत नाही. फाकलेला घाट हवा असेल तर फाक गुडघ्याच्या किंचित खाली सुरू होतो की पोटरीच्या मध्यावर, ते आरशात नीट पाहावे.

कापण्यापूर्वी विजार एकदा धुऊन वाळवावी. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, आणि ते मुख्यतः उंचीत आटते. सत्तावीस इंचांत पाऊण इंच गेला, की घोटा उघडा पडला म्हणून समजा. शिंप्याकडे जाताना ज्या चपला किंवा बूट नेहमी घालायचे तेच पायांत असावेत. पावसाळ्यात दुचाकी चालवणाऱ्या मुलींनी मोहरी अर्धा इंच वरच ठेवावी. आमच्या रस्त्यांवरचे पाणी कुणाच्या फॅशनची पर्वा करीत नाही. खालची मूळ शिवण फिकट रंगाची आणि जाड दोऱ्याची असते. ती वेगळी कापून पुन्हा जोडून देण्यास सांगितले, तर कापल्याची खूण दिसत नाही. गुडघ्यापासून खाली नव्याने निमुळती करून घेण्याचे काम मात्र ज्याने जीन्स पूर्वी शिवली आहे अशाच शिंप्याला द्यावे.

आणि दुकानात तीन आकडे मागावेत: कंबर, आसन, आतली लांबी. विक्रेत्याला ते सांगता आले नाहीत, तर त्याच्याकडून फीत मागून घ्यावी आणि तिथेच, त्याच्या समोर, विजारीचे माप घ्यावे.